विसाव्या वर्षी कोलेस्टेरॉल मोजा, चाळिशीची वाट पाहू नका

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची तरतूद त्यांत आहे. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तर आधीपासूनच तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर बघितली जाते, आशाताई घरी येऊन माहिती भरून नेतात. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला आत शिरणाऱ्या पोरांकडे बघा. कितीतरी जण तिशीच्या आतले. त्यांना यातलं काहीच लागू नाही. आणि तिशीपुढच्यांच्या त्या सरकारी तपासणीतही कोलेस्टेरॉल नाही. तरुणाच्या रक्तवाहिनीत जी गोष्ट सगळ्यात आधी साचायला लागते, तीच आपण मोजत नाही.

आपल्याकडे अटॅक लवकर येतो, हे काही आता कळलेलं नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे इतर जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, असं त्यात दिसलं. पहिल्या झटक्यांमागची सुमारे ९० टक्के जोखीम नऊ साध्या गोष्टींनी समजावता येते, हेही त्यातच आलं. रक्तातली चरबी, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाज्या-फळं न खाणं, व्यायाम नसणं आणि दारू. यादीत गूढ असं काही नाही. तरीही एखादा पस्तिशीतला माणूस गेला की गावात चर्चा होते ती कोविडच्या लशीची, डीजेची, जिममधल्या वजनांची. त्याचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, किती होतं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी सांगणार कोण? ते कधी तपासलेलंच नसतं.

‘कालच तर फुटबॉल खेळला होता’ हे वाक्य अशा वेळी हमखास येतं, आणि ते खरंही असतं. एलडीएलचे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात, तिथे अडकतात, पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि चरबीचा मऊ गोळा तयार होतो. हे विशीत सुरू झालेलं असू शकतं. गोळ्यावरचं आवरण दुधावरच्या सायीइतकं तकलादू असलं की ते फाटतं, आतली चरबी रक्ताच्या संपर्कात येते आणि काही मिनिटांत गुठळी धरते. तरुणात हा गोळा बऱ्याचदा छोटा असतो. त्याने निम्मीसुद्धा धमनी अडवलेली नसते. त्यामुळे जिना चढताना दम लागत नाही, ईसीजी सरळ येतो, ट्रेडमिलवरची चाचणीही नॉर्मल येते, आणि पुढच्याच आठवड्यात आवरण फाटतं. म्हाताऱ्या माणसाच्या हृदयात वर्षानुवर्षांच्या अडथळ्यामुळे आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावलेल्या असतात, त्या थोडंफार रक्त पोचवतात. तरुणाला तीही सोय नसते. म्हणून पहिलाच झटका मोठा बसतो.

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. एलडीएल आज किती आहे, यापेक्षा ते किती वर्षं किती राहिलं, यावर धमनीची अवस्था ठरते. १६० एलडीएल (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) घेऊन वीस वर्षं काढलेल्या माणसाला चाळिशीत गोळी सुरू केली तर उपयोग होतो, पण वीस वर्षांची साठवण आधीच झालेली असते. चाळिशीची अट इथेच चुकते.

कोल्हापुरात अडचण आणखी एक आहे, आणि ती आपल्या अभिमानाच्या जागेशी जोडलेली आहे. हे तालमींचं गाव. इथे तब्येत डोळ्यांनी ठरते. छाती, दंड, मांड्या. ज्याच्या अंगावर मांस आहे त्याला तब्येतीचं काही विचारणं म्हणजे अपमान. पण स्नायूंचा आणि धमनीच्या अस्तराचा संबंध लोकांना वाटतो तितका सरळ नाही. कुस्ती चालू असते तोवर खुराक जिरतो. तिशीच्या आसपास मैदान सुटतं, नोकरी-धंदा-राजकारण सुरू होतं, खुराक मात्र सुटत नाही. म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण ६५ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला ४० ग्रॅमच्या वर संपृक्त. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला संपृक्त चरबीची मर्यादा आहे २२ ग्रॅमच्या आसपास. गंगावेशीच्या कट्ट्यावरचा दुधाचा एखादा पेला कुणाचं वाईट करणार नाही. रोजचा लिटर, वर तूप, वर आठवड्यातून तीनदा मटण, आणि व्यायाम शून्य, हे गणित बसत नाही. (तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला उगाच बदनाम करण्यात अर्थ नाही. रविवारच्या रश्श्यापेक्षा रोज सकाळी मिसळीच्या कटावर तरंगणारं तेल आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईतली भजी जास्त नुकसान करतात.)

तालमीत छातीचा घेर मोजायला टेप असतेच. तीच थोडी खाली आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. पँटचा पट्टा जिथे बसतो तिथे नाही. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो आणि ‘अजून ३४चीच पँट येते’ म्हणून खूश राहतो. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही मर्यादा. त्यापुढे गेलं की यकृताभोवतीची चरबी, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) आणि कमी झालेलं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) बहुधा सोबत असतातच.

तंबाखूबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथे आपण सगळ्यात जास्त फसतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करणारे निघाले. ओढणारे त्यात फक्त ३.८ टक्के, तोंडात धरणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही करतात). म्हणजे आपला प्रश्न सिगारेटचा नाहीच मुळी, तो मळलेल्या तंबाखूचा आणि पानटपरीवर प्लास्टिकच्या तुकड्यात घासून मिळणाऱ्या माव्याचा आहे. आणि दवाखान्याच्या फॉर्मवर प्रश्न काय असतो? ‘धूम्रपान करता का?’ गडी गालात मावा धरून ‘नाही’ म्हणतो आणि ते खरंच असतं. ‘तोंडात काय धरता, दिवसात किती वेळा?’ असा प्रश्न छापला पाहिजे. माव्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे सगळ्यांना पाठ आहे, हृदयाचं काही होतं असं कुणाला वाटत नाही. ‘इंटरहार्ट’मध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. निकोटीन गालातून रक्तात उतरतं, नाडी वाढते, दाब वाढतो, धमनी आकसते, आणि मावा तासभर तोंडात राहिला तर हे तासभर चालतं. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. तिचा परिणाम इतकाच की एक पुडी गेली आणि दोन आल्या, पानमसाल्याची वेगळी, तंबाखूची वेगळी.

सोडायची असेल तर निकोटीनचा च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला बार भरणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा, इतरांना २ चा. तो फसतो कशाने? लोक माव्यासारखा सलग चघळतात. मग लाळ गिळली जाते, उचकी लागते, मळमळतं, आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून पाकीट फेकलं जातं. बरोबर पद्धत अशी की दहा-पंधरा वेळा हळू चावायचा, जिभेला झणझण लागली की गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. आधी चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत घेतलं असेल तर तोंडातल्या आम्लामुळे निकोटीन शोषलंच जात नाही, म्हणून पंधरा मिनिटं अंतर ठेवायचं. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशकाशी बोलता येतं.

जिमचं काय? वजन उचलण्याने निरोगी माणसाला अटॅक येत नाही. पण जिममध्ये मिळणाऱ्या सुया हा वेगळा विषय आहे. टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइड्सनी एचडीएल झपाट्याने खाली येतं, एलडीएल वर जातं, रक्त घट्ट होतं आणि हृदयाची भिंत जाड होते. शस्त्रक्रियेच्या वेळी कोसळलेला दाब वर आणण्यासाठी असलेलं मेफेंटरमिनचं इंजेक्शन पश्चिम महाराष्ट्रात पोरं व्यायामाआधी टोचून घेतात. पोलिसांनी त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. निरोगी माणसाचा दाब त्याने कुठल्या कुठे जातो. हे औषध चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे. तिथे प्रबोधनाची नाही, अन्न व औषध प्रशासनाच्या धाडीची गरज आहे.

लशीचा मुद्दा थोडक्यात. १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या मदतीने अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीने धोका वाढल्याचं दिसलं नाही, दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढला तो घरात असा मृत्यू आधी झालेला असणं, कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, मृत्यूआधीच्या ४८ तासांतली भरमसाट दारू किंवा जबर श्रम, आणि नशेचे पदार्थ यांनी. सणाच्या दिवसांत तीन रात्री जागून, पिऊन, चौथ्या दिवशी मिरवणुकीत ढोल उचलणाऱ्याने यातलं काय आपल्याला लागू आहे ते स्वतःच ताडावं.

आता तपासणीकडे. विशीत काय करायचं, ते फार थोडं आहे. रक्तदाब, कमरेचा घेर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची चाचणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि आयुष्यात एकदाच लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच एक चरबीचा कण. पहिलं लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षी करावं, असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. उपाशीपोटीचा आग्रहही सोडला आहे. जेवून आलेल्याचं रक्तही चालतं, फक्त ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर उपाशीपोटी पुन्हा बघायचं. म्हणजे पाळी सुटल्यावर कारखान्याच्या गेटवर किंवा कॉलेजच्या आवारात रक्त घेता येतं, हा त्यातला खरा फायदा. अहवालात ‘टोटल’ कोलेस्टेरॉलच्या आकड्याकडे बघून लोक निश्चिंत होतात. बघायचं ते एलडीएल, आणि टोटलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा. दुसरी काही जोखीम नसलेल्यात एलडीएल १०० च्या आत आणि हा दुसरा आकडा १३० च्या आत असावा. एलडीएल १९० किंवा त्यापुढे आलं तर तो नुसता जेवणाचा दोष समजू नये. आनुवंशिक विकार असू शकतो, सुमारे अडीचशे माणसांत एकाला असणारा, आणि तिथे पथ्याच्या गप्पांत वर्ष घालवू नये. पथ्याने एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं, गोळीने निम्मं. लायपोप्रोटीन (ए) जन्मजात ठरलेलं असतं, व्यायामाने किंवा पथ्याने हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या सगळ्या गोष्टी जास्त काटेकोर ठेवायच्या. लॅब कधी मिलिग्रॅममध्ये देते, कधी नॅनोमोलमध्ये, आणि नॅनोमोलमध्ये मर्यादा १२५ ची आहे. एककं न बघता घाबरू नये आणि खूशही होऊ नये.

रक्तदाब शिबिरात मोजला जातो तो निम्म्या वेळा चुकीच्या पद्धतीने. आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, बोलणं बंद, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. पैलवानी दंडाला साधी पट्टी आवळली की दाब खोटाच जास्त दाखवतो. दंड ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठी पट्टी लागते, आणि ती बहुतेक शिबिरांत नसते. पंचविशीत खरोखरच १५० वर १०० निघाला तर गोळी देऊन मोकळं होऊ नका. मूत्रपिंडासाठी लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघा, सुयांबद्दल विचारा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. धडधाकट पोरांना तपासण्यांच्या मागे लावलं की भीतीचा बाजार उभा राहतो. तो आधीच उभा आहे. सत्तर-ऐंशी चाचण्यांचं ‘फुल बॉडी’ पॅकेज वाढदिवसाला भेट द्यायची पद्धत पडली आहे आणि त्यातल्या बहुतेक आकड्यांचं पुढे काय करायचं हे कुणाला माहीत नसतं. तक्रार नसलेल्या तरुणाला ट्रेडमिल नको, सीटी अँजिओग्राफी नको. कॅल्शियम स्कोअर (धमनीतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन) तर पस्तिशीच्या आत फसवाच, कारण मऊ गोळ्यात कॅल्शियम धरलेलंच नसतं आणि शून्य आकडा बघून माणूस मावा चालू ठेवतो. आम्ही मागतोय त्या चाचण्या मोजक्याच आहेत, सगळं ठीक असेल तर पाच वर्षांतून एकदा पुरतात. महापालिकेच्या दवाखान्यांनी, कारखानदारांच्या संघटनांनी आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी हे करायचं ठरवलं तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

फुटबॉलवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. मैदानात कोसळणारा विशीतला खेळाडू बऱ्याचदा अटॅकने जात नाही. हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषाने जाड असणं किंवा विजेच्या लयीतला दोष, ही कारणं असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन दर हंगामात खेळाडूंची नोंदणी करते. त्याच वेळी एक ईसीजी आणि ‘खेळताना कधी चक्कर येऊन पडलास का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का’ हे दोन प्रश्न जोडावेत. आणि शाहू स्टेडियमवर, खासबागेत शॉक देणारं यंत्र भिंतीवर लावलेलं असावं, कुलपाच्या खोलीत नको. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळला, तो वाचला कारण छातीवर दाब लगेच सुरू झाला आणि यंत्र जवळ होतं. छातीच्या मध्यभागी, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. हे काही न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी उतरते.

झटका आलाच तर आपल्याकडे पहिला तास पित्तात जातो. सोडा, जिरं, ओवा, ‘जरा पडून बघ’. छातीत दाबल्यासारखं, जबड्याकडे, हाताकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात सरकणारं दुखणं, सोबत गार घाम, आणि पंधरा मिनिटांत न थांबणारं, हे पित्त समजू नये. बायकांत नुसता दम, मळमळ आणि कमालीचा थकवा असू शकतो. १०८ ला फोन करा. मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायचं, गिळायचं नाही. जिभेखालची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. दाब आधीच कमी असेल तर माणूस जागीच कोसळतो, आणि आदल्या दिवशी लैंगिक शक्तीची गोळी घेतली असेल तर हमखास. दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. ‘ईसीजी नॉर्मल आहे, घरी जा’ या एका वाक्याने फार माणसं गेली आहेत. ट्रोपोनिन ही हृदयाची इजा दाखवणारी रक्तचाचणीसुद्धा सुरुवातीच्या दोन-तीन तासांत खोटा दिलासा देऊ शकतं.

इथून पुढे प्रश्न पत्त्याचा होतो. शहरात शाहूपुरीतल्या माणसाला कॅथलॅब (अँजिओप्लास्टी होते ती जागा) जवळ आहे. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात मांडुकलीला पाणी आलं की गगनबावड्याचा रस्ता बंद. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचं, हा जगमान्य नियम आहे. टेनेक्टेप्लेज शिरेत एका झटक्यात देतात, ६० किलोच्या आतल्याला ३० मिलिग्रॅम, ९० च्या पुढे ५०, मधल्यांना दर दहा किलोला पाच वाढवून. मेंदूत पूर्वी रक्तस्राव, अलीकडचा पक्षाघात, चालू रक्तस्राव, आवाक्यात न आलेला दाब यांत देत नाहीत, बाकी शिकलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला हे जमतं. दिल्यावर रुग्ण कोल्हापूरला हलवायचा, ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायची. पहिल्या दोन-तीन तासांत याचा गुण अँजिओप्लास्टीच्या जवळ जातो, नंतर झपाट्याने उतरतो.

सीमेपलीकडे कर्नाटकाने तालुका रुग्णालयांना बंगळूरच्या जयदेव संस्थेशी जोडून हे इंजेक्शन मोफत केलं, योजनेला कन्नड अभिनेता पुनीत राजकुमारचं नाव दिलं. तो ४६ व्या वर्षी गेला होता. तमिळनाडूने २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांतसुद्धा चौदा गोळ्यांची पहिली मात्रा ठेवली, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिनची. गडहिंग्लज, गारगोटी, आजरा, चंदगड, मलकापूर, राधानगरी, गगनबावडा इथे चोवीस तास ईसीजी, तो फोनवर वाचणारा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातला डॉक्टर, आणि फ्रीजमध्ये मुदत न संपलेलं इंजेक्शन, या तीन गोष्टी एकाच वेळी हजर असतात का, हे पालकमंत्र्यांना दर महिन्याला विचारलं पाहिजे. नव्या कॅथलॅबच्या उद्घाटनाला फीत कापता येते, फ्रीजमधल्या इंजेक्शनला येत नाही, एवढीच अडचण.

आणि जे आज, विनाखर्च म्हणावं इतक्या पैशांत होऊ शकतं ते असं. अँजिओप्लास्टी झालेल्या पस्तिशीच्या रुग्णाचे भाऊ-बहीण वॉर्डाबाहेरच बसलेले असतात. त्यांचं लिपिड, लायपोप्रोटीन (ए) आणि रक्तदाब त्याच दिवशी बघावा. रुग्णाचं एलडीएल १९० च्या वर असेल तर त्याच्या मुलांचंही, दोन वर्षांच्या वयापासून. रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली ‘रक्ताच्या नातेवाइकांची तपासणी’ असा एक रकाना छापावा, नाव आणि तारीख लिहायला जागा ठेवून, आणि तो कोरा असेल तर पुढच्या भेटीला डॉक्टरांनी आधी त्याबद्दल विचारावं.